डबीची जबानी

पिमबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं तेव्हा मला वाटलं, बायबल असेल. विधवा बाई, काळा झगा, कोर्टात साक्षीला उभी. दुसरं काय काढणार? पण ते छोटं, तांबूस कातडी पाठीचं पुस्तक त्यांनी बरोबर पहिल्या पानावर उघडलं आणि मी ओळखलं. पुस्तक माझं होतं. म्हणजे त्यावर माझं नाव नव्हतं, कुणाचंच नव्हतं, पण शब्द न् शब्द मी लिहिला होता, दुकानाच्या मागच्या खोलीत, फितींच्या खोक्यांवर कागद ठेवून. न्यायाधीशांनी चोरीस गेलेल्या तपकिरीच्या चांदीच्या डबीची किंमत विचारली होती. पिमबाई म्हणाल्या, "मी कशाला सांगू, हुजूर? तिनं स्वतःच सांगितलीये." आणि मोठ्यानं वाचू लागल्या, "'मी जन्माला आले ती एका नामवंत चांदीकाराच्या हातून. पहिल्याच दिवशी माझं मोल सात गिनी ठरलं, आणि ते ऐकून मला गर्व झाला, हे कशाला लपवू?'" वरच्या सज्जात लोक हसले. न्यायाधीशही हसले. म्हणाले, "बाई, डबीला शपथ घालता येत नाही." बाई मागे हटणाऱ्या नव्हत्या. "तिला नका घालू, मला घाला. ही तीच डबी. झाकणावर शिंपला, शिंपल्याला चीर, तळाला आमच्या कॅप्टनसाहेबांनी दातानं पाडलेला खड्डा. सगळं छापलंय यात. एवढं सगळं खरं आणि किंमत तेवढी खोटी?" "ते ज्यूरी ठरवील," असं म्हणून न्यायाधीशांनी पुस्तक आमच्या बाकांकडे पाठवलं. हातोहात येत ते माझ्याकडे पोचलं तेव्हा मी ते गरम भांडं सरकवावं तसं शेजाऱ्याकडे सरकवलं.

खटला जेमतेम पाव तासाचा. आमच्याकडे सगळे तसेच असतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा माणसांचा निकाल लागतो, मध्ये जेवणाची सुट्टी. आम्ही बारा जण, सगळे आसपासच्या गल्ल्यांतले दुकानदार, बाकांवर खांद्याला खांदा लावून बसतो. खटला संपला की उठून कुठे जात नाही. बसल्या जागी वळतो, डोकी एकत्र आणतो, कुजबुजतो, आणि प्रमुख उभा राहून निकाल सांगतो. घरातून चाळीस शिलिंगांचा किंवा त्याहून जास्तीचा ऐवज चोरला तर फाशी. चाळीस शिलिंग म्हणजे दोन गिनीसुद्धा नव्हेत. त्यामुळे आम्ही काय करतो ते सगळ्या लंडनला माहीत आहे. आम्ही एकोणचाळीस म्हणतो. चांदीचे सहा चमचे, एकोणचाळीस. रेशमाचं ठाण, एकोणचाळीस. गेल्या खेपेला एक घड्याळ होतं, हिऱ्याची किल्ली असलेलं, तेही आम्ही न लाजता एकोणचाळीसवर आणलं. न्यायाधीश ऐकून घेतात, कारकून लिहून घेतो, माणूस गळ्यावरून हात फिरवत सात वर्षांसाठी अमेरिकेत हद्दपार होतो. शपथ मोडते हे खरं, पण ती बाराही जणांची मिळून मोडते, आणि वस्तू काही उठून सांगायला येत नाही की माझं मोल याहून जास्त आहे. आज तीच आली होती. आणि तिला बोलायला मी शिकवलं होतं.

समोरच्या कठड्याशी पिमबाईंची मोलकरीण उभी होती, डॉर्कस हेब नावाची. बावीस वर्षांची, कोपरापर्यंत लाल झालेले हात. कठड्यावर एक आरसा टांगलेला असतो. खिडकीतला उजेड तो आरोपीच्या तोंडावर टाकतो, म्हणजे खोटं बोलताना माणूस कसा दिसतो ते आम्हाला कळावं. तुरुंगातल्या तापाची लागण होऊ नये म्हणून सगळीकडे सिरका शिंपडलेला, त्या वासानं माझं डोकं चढलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, तुला काय सांगायचंय? ती म्हणाली, "चोरली नाही, हुजूर. दाखवायला नेली. माझी बहीण साउथवर्कला धुणं करते. तिच्या मालकिणीकडे हे पुस्तक आहे. बहिणीला वाचता येतं. ती मला दर रविवारी थोडं थोडं वाचून दाखवायची. मी म्हटलं, अगं, ही डबी आमच्याच घरातली. ती म्हणाली, चल, थापा मारू नकोस. म्हणून नेली." "मालकिणीला विचारलंस?" "त्या झोपल्या होत्या." "मग कुणाला विचारलंस?" पोरीनं जरा विचार केला. "डबीला," ती म्हणाली. पुन्हा हशा झाला, पण ती गंमत करत नव्हती. आरशातला उजेड तिच्या तोंडावर होता आणि मला तरी तिथे खोटं काही दिसलं नाही. शिपायाला डबी बहिणीच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर, उघड्यावर ठेवलेली सापडली होती. चोरीचा माल कुणी असा मांडून ठेवत नाही. पण नेली ती नेलीच. तेवढं आम्हाला नाकारता येणार नव्हतं.

सात गिनी. आधी मी पाच लिहिले होते, मग खोडून सात केले. पुस्तकवाला स्वॅडल म्हणाला होता, "गरीब डबीची गोष्ट कोण वाचील, व्हेरल? तिला चांगल्या घरात जन्माला घाल." खरी गोष्ट अशी की कॅप्टन पिमनी ती हाउंड्सडिचला गहाणवटीच्या दुकानातून अठ्ठावीस शिलिंगांना घेतली. त्यांनी मला स्वतः सांगितलं, बायकोला सांगू नको म्हणून बजावून. आता कॅप्टन जमिनीखाली, दुकानदार कुठे गेला कोण जाणे, आणि हे जाणणारा माणूस एकटा मी, ज्यूरीच्या दुसऱ्या बाकावर.

मी फिती, बटणं, लेस, सुया विकतो. जोसाया व्हेरल, बटर लेन. तेहतीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. बायका फीत मोजून घेताना माझ्यासमोर जे बोलतात ते त्या स्वतःच्या नवऱ्यासमोर बोलणार नाहीत. मी गज हातात धरलेला असतो, आणि गज हातात धरलेला माणूस त्यांना गजासारखाच वाटतो. कोण कुणाकडे जातं, कुणाचा मुलगा कुणासारखा दिसतो, कुणी कुणाचं मृत्युपत्र बदललं, सगळं माझ्या कानांवर पडत राहिलं. सांगायचं कुणाला? एकदा अशीच मजा म्हणून मी एका भाड्याच्या घोडागाडीतल्या गादीच्या तोंडून काही पानं लिहिली. कोण कोण बसलं, काय काय बोललं. स्वॅडलनं ती हातोहात छापली. मग एका सरदारणीच्या मांडीवरच्या कुत्र्याचं लिहिलं, मग एका जरीच्या कोटाचं, जो दरबारातून निघून जुन्या कपड्यांच्या बाजारात पोचतो. सोपं होतं. कुत्र्याला कुणी दार लावून घेत नाही. कोटाला कुणी विचारत नाही की तू त्या वेळी काय करत होतास, तू मध्ये का पडला नाहीस. माणसांनी जे करायचं ते करावं, वस्तूनं पाहावं. माझ्या बायकोला, सुझानाला, वाटतं मी मागच्या खोलीत प्रवचनं उतरवून काढतो. ती चर्चमध्ये बायकांना अभिमानानं सांगते. डबीच्या पुस्तकात मी आमची गल्लीच घातली, नावं बदलून. डबी या खिशातून त्या खिशात जाते. बेकर लॉट पिठात खडू मिसळतो, हे तिनं पाहिलं. पुस्तक आल्यावर लॉटनं माझ्याच दुकानात उभं राहून शपथ घेतली होती की ज्यानं लिहिलं त्याची बोटं एकेक करून मोडीन. मी त्याला बटणं बांधून देत होतो. म्हणालो, मोडायलाच पाहिजेत. तो लॉट आता माझ्या डाव्या हाताला बसला होता.

आणि पुढच्या बाकावर, प्रमुखाच्या जागी, एब्नर क्रेक. चरबीच्या मेणबत्त्या करतो. आमची वीस वर्षांची मैत्री. त्याच्या मानेवरच्या दोन घड्या मला दिसत होत्या आणि त्यांच्याकडे पाहताना मला त्याची ती खालची खोली आठवली, नऊ वर्षांपूर्वीची. जानेवारीतली दुपार, बाहेर धुकं. एब्नरनं आदल्या आठवड्यात कॅप्टनकडून पत्त्यांत ती डबी जिंकली होती (पुढे कॅप्टननी ती तशीच परत जिंकून नेली), ती टेबलावर होती. वरच्या खोलीत त्याची पहिली बायको मार्जरी बाळंतरोगानं तापलेली. मूल आधीच गेलं होतं. तिच्या उशाशी एक काठी ठेवली होती, काही लागलं तर जमिनीवर आपटायला. दोनदा आपटली, एब्नरनं छताकडे पाहिलं आणि पान टाकलं. तिसऱ्यांदा आपटली. मग आपटली नाही. पुस्तकातली ती सहा पानं मी एका बैठकीत लिहिली. डबी टेबलावरून पाहते: माणसाचा हात, हातातले पत्ते, छतातून गळणारी बारीक धूळ. मी आयुष्यात लिहिलेली सगळ्यात चांगली पानं तीच. लोक ती वाचून रडले, असं स्वॅडल सांगायचा. मी त्या दुपारी एब्नरच्या समोर बसलो होतो. ते मी लिहिलं नाही. डबी असताना माझी तिथे गरज नव्हती. पुस्तकाला दोन वर्षं झाली आणि एब्नर अवाक्षर बोलला नाही, तेव्हा त्यानं ते वाचलंच नसणार, असं मी धरून चाललो. तो वाचतो कुठे, असं मी स्वतःला सांगत असे. दर गुरुवारी आम्ही जेवायला भेटत होतो, तो मला मासा वाढत होता.

न्यायाधीशांनी आमच्याकडे पाहून मान हलवली. आम्ही वळलो, डोकी एकत्र आणली. बारा जणांच्या केसांच्या टोपांची पावडर आणि कांद्याचा वास. लॉट म्हणाला, "एकोणचाळीस म्हणायला माझी ना नाही. पण छापलंय ना ते. उद्या बाई गल्लीभर सांगत फिरतील, बारा जणांनी देवाची शपथ घेऊन सात गिनीचे एकोणचाळीस शिलिंग केले." म्हातारा सिल्व्हेस्टर न्हावी म्हणाला, "फिरू देत की." "तुला काय जातंय? तुझ्याकडे त्या दाढीला येत नाहीत. पाव माझ्याकडून नेतात." मागच्या बाकावरचा एक काचवाला होता, तो देवभीरू माणूस. तो म्हणाला, "थोडं कमी करणं निराळं. दोनचे एकोणचाळीस केले तर देव डोळेझाक करील. पण सातचे? आणि तेही सगळ्यांना वाचून दाखवल्यावर?" कुणीतरी हळूच म्हणालं, "मग काय, लटकू द्यायची?" मला माझ्या मांडीवरचे माझे हात दिसत होते. बोलायचं तर एकच वाक्य होतं. पण ते वाक्य बोललो की बटर लेनमधल्या एकाही घरात मला पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि सुझानाला चर्चमध्ये कोण शेजारी बसवून घेईल? मी वाट पाहत होतो, की दुसरा कुणीतरी बोलेल आणि निभावून जाईल. खरं सांगायचं तर माझं सगळं आयुष्य असंच निभावलंय.

दुसरा बोलला तो एब्नर. पुस्तक त्याच्या गुडघ्यावर होतं. "हे कुणी वाचलंय?" त्यानं विचारलं. सगळ्यांनी वाचलं होतं, सगळे इकडेतिकडे पाहू लागले. "मी वाचलंय," तो म्हणाला. "मी आहे यात. मेणबत्तीवाला. बायको वर मरतेय आणि हा गडी खाली पत्ते कुटतोय." सिल्व्हेस्टर खोकला. एब्नरचा आवाज नेहमीसारखाच होता, गिऱ्हाइकाला चरबीचा भाव सांगावा तसा. "आता असं बघा. मी तसा वागलो असेन तर डबी खरं बोलते, मग किंमतही खरी, मग आपण त्या पोरीला फासावर देऊ. पण माझ्याबद्दल ती खोटं बोलली असेल, तर किमतीबद्दलही बोलली. दोन्हींतलं एक. मी माझ्या तोंडानं सांगितलं तर त्याला अर्थ नाही. दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल तर त्यानं सांगावं." त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही. पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. कारकुनानं टेबलावर लेखणी आपटली, आमचं फार वेळ चाललं होतं.

"खोटं आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. लॉटनं मान वळवली. "तुला रे काय ठाऊक?" "मीच लिहिलंय ते." कुणी काही म्हणायच्या आत मी पुढे बोललो, भराभर, कारण थांबलो असतो तर थांबलोच असतो. चांदीकार नाही, सात गिनी नाहीत. अठ्ठावीस शिलिंग, गहाणवटीचं दुकान, कॅप्टननं मला सांगितलं होतं, देवाशपथ. काचवाल्यानं विचारलं, "आणि क्रेकसाहेबांचं ते?" माझ्या सहा पानांचा क्षणभर मला फार लोभ वाटला. हे सांगायला लाज वाटते, पण पोरीच्या गळ्याइतकाच त्या पानांचा विचार माझ्या मनात त्या वेळी होता. "तेही रचलेलं," मी म्हणालो. "एब्नर तसा वागला नव्हता." लॉट माझ्या कानाशी आला. "आणि माझ्या पिठातला खडू?" "तोही रचलेला." पिठात खडू असतो हे बाराही जणांना दातांखालून माहीत होतं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे मग ठरलं की डबी पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटारडी. एब्नर उभा राहिला. "दोषी," तो म्हणाला, "पण एकोणचाळीस शिलिंगांपुरती." पिमबाईंनी पुस्तक परत मागितलं. डॉर्कसला निकाल कळला नव्हता, तिनं शेजारच्या शिपायाला विचारलं. त्यानं आधी आपल्या गळ्याकडे बोट करून नाही म्हणून मान हलवली, आणि मग दोन्ही हातांची मिळून सात बोटं दाखवली. ती रडायला लागली. तिला खाली नेलं, आणि त्या जागी घोडा चोरलेला एक माणूस आणून उभा केला.

त्यानंतर आणखी चार खटले झाले. लॉट बाकावर माझ्यापासून जितका दूर सरकता येईल तितका सरकून बसला होता, त्यामुळे बिचाऱ्या सिल्व्हेस्टरचा अर्धा भाग बाकाबाहेर लोंबत होता. प्रत्येक खटल्याला मी हात वर केला, काय ऐकलं ते आठवत नाही. मी मनात सुझानाला सांगायची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मध्येच सोडत होतो. तरी एक समाधान आतल्या आत होतंच, नाही म्हणत नाही. पोरगी जिवंत होती. एब्नरवरचा डाग मी स्वतःच्या हातानं पुसला होता. मी सगळं गमावलं होतं, पण नीट वागून गमावलं होतं, असं मला वाटत होतं, आणि त्या वाटण्यावर मी बाहेर पडेपर्यंत उभा होतो.

उन्हं अजून होती. कोर्टाच्या अंगणात एब्नर भिंतीपाशी थांबला होता. मी जवळ गेलो. तो आभार मानील असं मला वाटलं, किंवा तोंडात मारील. दोन्हींची मी तयारी केली होती. तो म्हणाला, "दोन वर्षं वाट पाहिली, तू कधी बोलतोस म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"वाचलं त्याच दिवशी. अरे, दुसरं कोण? त्या खोलीत आपण दोघंच होतो की."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? खरंच लिहिलं होतंस. मी गेलो नाही वर. आज आत तू नाही म्हणालास ते त्या पोरीसाठी, कळतंय मला. माझ्यासाठी म्हणून खोटं बोलायची गरज नाही." त्यानं टोप काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा चढवला. "मला एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. पुस्तकात मी एकटाच पत्ते खेळतोय. पानं टाकतोय, पानं उचलतोय, समोर कुणी नाही. मी म्हटलं, आता लोक विचारतील, हा खेळतोय कुणाशी? एकानंही विचारलं नाही, जोसाया. सगळे रडले."

अंगणात गाडीवाले ओरडत होते. एब्नर माझ्याकडे पाहत होता. सबंध दिवसात पहिल्यांदाच.

"तिसऱ्यांदा काठी वाजली तेव्हा मी उठलो होतो," तो म्हणाला. "खुर्ची मागे सरली होती माझी. ते नाही लिहिलंस."

"नाही."

"मग मी परत बसलो. आठवतंय तुला, का बसलो?"

"मी म्हणालो, एवढा डाव होऊ दे."

"हं. तसंच म्हणाला होतास." त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "नऊ वर्षं झाली, मला तेवढंच कळलेलं नाही. तू तर मार्जरीला बहीण मानायचास. मला जाऊ का दिलं नाहीस रे?"

सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं: की तो वर जाऊन जे पाहील त्याची मला भीती वाटली, की मला वाटलं ती झोपेल, की धुकं होतं, थंडी होती. अशी कारणं लिहिता मला छान येतात.

"मी जिंकत होतो," मी म्हणालो.